उकिरड्याचं ऊन पाणी

॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥

बोरी, ता. १८ डिसेंबर
मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार

ती. सौ. सरजाआक्का यांना,
धाकट्या भावजयीचा, राजेश्रीचा, पाया पडून नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहे. दाजींच्या गुडघ्याला त्या नवीन तेलानं उतार पडला का ते कळवा. आपली म्हैस व्यायली, रेडी झाली. खरवस पाठवणार होते, पण मास्तरांच्या पिशवीत सांडायचा म्हणून ठेवला नाही, खाऊन टाकला. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी मोठ्यानं बोलले की आत बसलेल्या आत्याबाईंना शब्दन्‌शब्द ऐकू जातो. आईचे कान शाबूत आणि लेकीचे गेले, काय म्हणावं याला! म्हणून पत्र लिहिते. नागसेन मास्तर रोज परभणीहून इथल्या शाळेवर येतात, त्यांच्या हाती देते.

चंपाषष्ठीला तुम्ही दारात उभं राहून जे बोललात, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. लिहायचं ते वेगळंच आहे. आनंदाचं आहे. आक्का, आपल्या न्हाणीत पहाटे कढत पाणी यायलंय! लाकूड नाही, गॅस नाही, लाइट नाही. माझ्या जमाखर्चाच्या वहीत न्हाणीच्या सरपणाचा रकाना कोरा पडलाय, तो बघूनच मला हसू येतं.

आता सगळं पहिल्यापासून सांगते.

आत्याबाईंचं तुम्हाला ठाऊकच आहे. अंघोळीशिवाय देवाला शिवणार नाहीत, आणि पूजेशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेणार नाहीत. अंघोळ पहाटेचीच हवी. आणि यंदाची थंडी अशी की टीव्हीवर रोज परभणीचं नाव. चूल पेटवावी तर न्हाणीत धूर कोंडतो आणि त्यांचा खोकला दुपारपर्यंत थांबत नाही. गॅसवर पातेलं चढवलं तर म्हणतात, "सैपाकाचा गॅस अंगावर वतायलीस का? उतर ते." (काटकसर मी त्यांच्याकडूनच शिकले, आता तक्रार कुणाकडं करू?) पाण्यात सोडायची हीटरची कांडी आणली. तर एक म्हणजे पहाटे लाइट नसते, आणि असली तरी "करंटाचं पानी देवाला चालत न्हाई."

मग तुमच्या बंधूंनी शेतातला उरलेला काळा पाइप पत्र्यावर गुंडाळून ठेवला. दुपारी त्यातून हात भाजेल असं पाणी यायचं, पहाटे नुसता बर्फ. ते दुपारचं पाणी मी किटलीत भरायची, किटली सोयाबीनच्या भुश्याच्या पोत्यात पुरायची, वरून दोन गोधड्या. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "राजेश्रीबाई, पोत्यात कोण निजवलंय?" एवढं करून पहाटेला पाणी कोमट. आत्याबाईंनी बोट बुडवलं आणि म्हणाल्या, "राजेसरी, ह्या पान्यानं मला ऊब द्यायची, का मी पान्याला?"

त्याच दिवशी तुम्ही आलात. आत्याबाई ओल्या लुगड्यानिशी कुडकुडत बसल्या होत्या. आणि तुम्ही म्हणालात (लिहिणार नव्हते, पण लिहितेच), "बादलीभर पाणी तापवणं होत नसेल तर तसं सांगा. संक्रांतीच्या सुमाराला गाडी घेऊन येते आणि आईला कायमची नेते. माझ्या गच्चीवर सोलर आहे, नळ फिरवला की ऊन पाणी." त्यात खोटं काहीच नव्हतं. 

आठेक दिवसांनी पहाटे शेणाची पाटी घेऊन उकिरड्यावर गेले. आपली पिवळी कुत्री तिथं शेंड्यावर मुटकुळं करून झोपलेली. सगळ्या अंगणात दव, पाटीच्या काठावर दव, माझ्या डोक्यावरच्या पदरावर दव, आणि कुत्रीच्या पाठीवर एक थेंब नाही! मी तिला हाकललं तर ती उठेचना. तिच्या जागेवर हात ठेवला. ऊन. मग बाही सारून आत हात घातला आणि ओरडून मागं घेतला.

तुमचे बंधू दात घासत आले. "काय शोधायलीस? अंगठी पडली का?"

"हात घाला इथं."

"उकिरड्यात?"

"घाला तर!"

त्यांनी घातला. तुम्हाला ठाऊक आहे ते किती बोलतात. पण त्या दिवशी "आयला!" म्हणाले आणि मग शेतात जाईपर्यंत उकिरड्याभोवती फेऱ्या घालत होते.

त्या रात्रीपुरती दुधाची एक जुनी किटली पाण्यानं भरून, झाकण घट्ट लावून आत पुरली. पहाटे काढली तर धरवेना. मग काय विचारता! आम्ही दोघांनी दिवसभर खपून अर्धा उकिरडा उकरला. खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा थर, त्यावर शेण आणि भुसा, त्यावर पत्र्यावरच्या पाइपाचं वेटोळं, पुन्हा शेण, पुन्हा वेटोळं. पाइपाचं एक तोंड भिंतीवरच्या टाकीला आणि दुसरं न्हाणीत, तोटी लावून. चौथ्या पहाटे तोटी फिरवली. आधी गार आलं, मग जरा कोमट, आणि मग आक्का, वाफ! घंगाळात वाफ! मी एकटीच न्हाणीत उभी राहून देवाचं नाव घेत होते. गार पाण्याचं विसण घालावं लागलं, तुम्ही विश्वास ठेवा.

आत्याबाईंना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पत्र्यावरचंच आहे, यांनी काहीतरी सुधारणा केलीय." उकिरड्याचं म्हटलं तर अंघोळच करणार नाहीत, ही भीती. तीन पहाटे त्यांच्या अंगावर पाणी घातलं. त्या मात्र खूश. पाठ चोळून घेताना डोळे मिटून म्हणायच्या, "घाल अजून."

पुढच्या पहाटे उठून पाहते तर बिछाना रिकामा. बाहेर आले, तर आत्याबाई काठीनं पाइप ठोकत ठोकत निघालेल्या. न्हाणीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून मागच्या अंगणात. मला बघून म्हणाल्या, "पत्रा वर हाय, पाइप खाली चाललाय. मी काय खुळी हाय?" आणि चालत्या चालत्या थेट उकिरड्याशी जाऊन थांबल्या. पाइप आत गेलेला. काठी टेकून उभ्या.

मला वाटलं, झालं. आता तीन दिवसांच्या पूजा पुन्हा, देव पुन्हा उजळायचे, आणि माझ्या हातचं पाणी बंद.

त्यांनी उकिरड्यावर हात ठेवला. तसाच ठेवून विचारलं, "दिवाळीत पाडव्याला हितं दिवा कोन लावतं?"

"तुम्ही."

"कशापायी?"

"लक्ष्मी म्हणून."

"मंग लक्ष्मीनं पानी तापवलं तर तुला लाज कशाची वाटायली? चोरून न्हाऊ घालायलीस व्हय मला?"

आक्का, मी हसले का रडले ते मलाच कळलं नाही. आणि आज तर त्यांनी कमालच केली. शेवटचा गुरुवार, घरात लक्ष्मीचा घट मांडला आणि तसंच हळदीकुंकवाचं ताट घेऊन मागच्या अंगणात गेल्या. भोवती सडा घालायला लावला, रांगोळी घालायला लावली, चार झेंडू वाहिले. हुकूम सुटला की आजपासून इथं शेणमूत, उष्टं-खरकटं काही टाकायचं नाही, त्यासाठी गोठ्यामागं वेगळा खड्डा. दव पडू नये म्हणून यांनी वरून निळी ताडपत्री घातली. नागसेन मास्तर मुलांना घेऊन बघायला आले तर त्यांनाही चपला काढायला लावल्या. मास्तर म्हणाले, "आजी, हे विज्ञान आहे." त्या म्हणाल्या, "आसंल. चपला काढ."

तेव्हा आत्याबाईंची अंघोळ वेळेवर, पूजा वेळेवर, आणि पूजेनंतर पोथीही नीट होते. वाचते मी, आणि त्या डोळे मिटून ऐकतात. तुम्हाला एक गंमत सांगते, त्यांना सांगू नका. मी मधेच मुद्दाम एखादी ओवी गाळते. त्या लगेच म्हणतात, "मागं जा." अक्षरओळख नाही, पण आख्खी पोथी पाठ! मला ते ऐकायला आवडतं म्हणून मी गाळते.

असो. सांगायचं एवढंच, की गाडीची घाई करू नका. दाजींना नमस्कार.

तुमची भावजय,
राजेश्री


॥ श्री ॥

बोरी, ता. १० जानेवारी, शनिवार

ती. सौ. सरजाआक्का यांना,
राजेश्रीचा नमस्कार.

तुमची चिठ्ठी मास्तरांनी गेल्या आठवड्यातच दिली. "माझ्या आईला उकिरड्याच्या पाण्यानं न्हाऊ घालता होय? ११ तारखेला, रविवारी गाडी घेऊन येते. सामान बांधून ठेवा." एवढंच. दाजींच्या गुडघ्याचंही नाही लिहिलं. मी पत्र आनंदानं लिहिलं होतं आक्का, आणि आनंदात माणूस जरा जास्तच सांगून बसतं.

उत्तर द्यायला उशीर झाला, त्याचं कारण लिहायला जड जातंय. तुमची चिठ्ठी आली त्याच सुमाराला उकिरडा थंड पडला.

एकदम नाही. आधी विसण घालायची गरज लागेना. मग कढत नाही, नुसतं ऊन. मग कोमट. आणि बुधवारी तोटीतून विहिरीचं यावं तसं पाणी. तुमच्या बंधूंनी पाइप झटकला, तोटी बदलली. मी ताडपत्रीवर आणखी एक ताडपत्री घातली, कडेनं विटा दाबल्या, आत कुठून वारा शिरू नये म्हणून. आत्याबाई म्हणाल्या, आपलं काहीतरी चुकलं असणार, नारळ फोडा. नारळ फोडला. रोज ताजी रांगोळी, रोज फुलं. एवढं जपूनही तो दिवसेंदिवस गारच. आजाऱ्याच्या अंगावर हात ठेवल्यासारखं मी सारखी हात ठेवून बघायची.

बुधवारी त्यांनी गार पाण्यानंच अंघोळ केली. मी गॅसवर ठेवते म्हटलं, तर नको. पूजा कशीबशी केली आणि पोथीला बसल्या, पांघरुणात गुंडाळून. मी एक ओवी गाळली. त्या काही बोलल्या नाहीत. पुढं दोन सलग गाळल्या. तरी नाही. मग पान उलटताना आख्खा प्रसंग सोडला, आक्का, आणि त्या मान हलवत होत्या.

मी पोथी मिटली आणि गोठ्यात जाऊन म्हशीपाशी उभी राहिले. मग घरात आले आणि त्यांचं गाठोडं बांधलं. चार लुगडी, शाल, जपाची माळ, बाळकृष्णाची डबी, ओव्याची पुरचुंडी. तुमच्या गच्चीवर सोलर आहे. माझ्याकडं गार उकिरडा. मनात म्हटलं, राजेश्री, हौस पुरे झाली, म्हातारीचा जीव घेशील.

ते गाठोडं मी कोठीच्या खोलीत, ज्वारीच्या कणगीमागं ठेवलं. तुम्ही येणार हे त्यांना सांगायचं धाडस होत नव्हतं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून तुमची चिठ्ठीही माझ्यापाशीच राहिली.

आता पुढचं ऐका, पुढचं ऐकण्यासारखं आहे!

गुरुवारी पहाटे आत्याबाई अंगणात उभ्या. मला हाक मारली ती अशी, की मला वाटलं पडल्याच. धावत गेले तर काठीनं गोठ्याकडं दाखवतायत. "कुत्री बघ कुठं झोपायलीय."

पिवळी कुत्री आपल्या शेंड्यावर नव्हती. गोठ्यामागच्या नव्या खड्ड्यावर, म्हशीच्या शेणात, उष्ट्या-खरकट्यात, आरामात पसरलेली. पाठ कोरडी! मी हात घातला. आक्का, ऊन!

मी बघतच राहिले. घाण तिकडं टाकत होतो, तर ऊब उठून घाणीमागं गेलेली. आणि इकडं आम्ही फुलं वाहत बसलो होतो.

आत्याबाईंनी खड्ड्यात काठी खुपसून पाहिली. मग स्वतःलाच म्हणाव्या तशा म्हणाल्या, "उपाशी ठिवलं की गं आपुन त्याला." आणि वळून माझ्यावर, "आन् वर दोन दोन ताडपत्र्या! कोंडून मारायलीस का?"

"नारळ फोडा कोण म्हणालं?"

"मी म्हनाले. मंग? देवाला फुलं लागत्यात, ह्याला शेण लागतं. ज्याला जे आवडतं त्याचा निवद दाखवावा. उठीव त्याला."

त्याला म्हणजे तुमच्या बंधूंना. ते बिचारे चहासुद्धा न घेता फावडं घेऊन आले. ताडपत्र्या काढल्या. विटा काढल्या. रांगोळी तुडवली गेली, कुणी हळहळलं नाही. गोठ्यातलं रात्रभर भिजलेलं गवत, ताजं शेण, खरकटं, ताकाच्या भांड्यांचं धुवण, शेजारच्या सोयाबीनचा ओला भुसा, सगळं सगळं वर लोटलं, खालीवर केलं. आणि आत्याबाईंनी काय केलं असेल? लुगडं खोचून, एका हातानं काठी टेकत, दुसऱ्या हातानं स्वतः एक पाटी शेण ओढत आणलं आणि ओतलं. ऐंशीच्या पुढची बाई! मी पाटी धरायला गेले तर म्हणाल्या, "सोड. मीच बंद केलं व्हतं, मीच टाकते." मास्तर शाळेच्या वाटेवर होते, ते कुंपणापाशी थांबले. आत्याबाईंनी त्यांना बघितलं. "मास्तर, आता चपला राहू दे!"

काल तोटीतून पाणी गारच आलं, पण बोटं बधिर होतील असं नाही. आज कोमट. खोटं लिहीत नाही, कोमटच. पण वाफ निघायला लागलीय उकिरड्यातून, पहाटे मी कंदील धरून बघितली, आणि पिवळी कुत्री परत शेंड्यावर आलीय. तिच्यापेक्षा पक्की साक्ष मला तरी ठाऊक नाही.

आज पोथी वाचताना माझं लक्ष त्या वाफेत. मी काही मुद्दाम गाळली नव्हती, खरंच एक ओवी चुकून राहिली.

"मागं जा."

मी इतक्या जोरात मागं गेले की पान फाटता फाटता राहिलं.

आणि पोथी झाल्यावर आत्याबाई ज्वारी काढायला म्हणून त्याच कोठीत गेल्या. मी भाकरी थापत होते. गाठोडं काठीला अडकवून बाहेर घेऊन आल्या.

"हे कुणाचं?"

"तुमचं."

"मी कुठं चालले?"

मग सांगितलं सगळं. तुमची चिठ्ठी वाचून दाखवली, उकिरड्याच्या ओळीसकट. त्या ऐकत होत्या. मला वाटलं तुमच्यावर चिडतील, मग वाटलं माझ्यावर चिडतील. त्या दोघींवरही चिडल्या.

"ती तिकडून वढायली, तू हिकडून बांधायलीस. म्हस इकायची तरी लोकं म्हशीम्होरं हुबं राहून बोलत्यात की गं! मला इचारलं का कुनी?"

आक्का, मी नाही विचारलं. तुम्हीही नाही. मी म्हटलं, "आता विचारते. जाणार का?"

त्या गाठोड्याची गाठ चाचपत राहिल्या. भाकरी तव्यावर करपली, मी उलटली नाही. तेवढ्या वेळात मला कळलं, की मी हा सगळा खटाटोप पाण्यासाठी केलेलाच नव्हता. मला लोक काय म्हणतील याची भीती नव्हती, तुमच्या बोलण्याचीही नव्हती. पोरगा पुण्याला, तुमचे बंधू शेतात, आणि मी पोथी वाचताना चुकले तर मागं जा म्हणणारं घरात दुसरं कोणी नाही. हे मी तुम्हाला पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. तिथं मी वाफेचं लिहीत बसले.

शेवटी त्या बोलल्या. जसं बोलल्या तसं लिहिते, माझं काही घालत नाही:

"सरजीला लिही. येते तर ये म्हनावं, आईला न्यायला लेक येती हे काय वाईट हाय का? पन उद्याची उद्या परत फिरू नको म्हनावं. मंगळवारी भोगी हाय. भोगीचं न्हानं माहेरात कर. तिच्या डोक्यावरनं मी पानी घातल्याला लय साल झाले, लगीन झाल्यापासून न्हाईच. ह्याच पान्यानं घालीन. केस वाळले का मंग ती अन् मी बसून बोलू, कुठं राहायचं ते. तवर गाठोडं तसंच राहू दे."

आज परत जाताना मास्तर हे पत्र लगेच तुमच्याकडं पोचवतील. तर या आक्का. गाडी आणा. येताना तुमच्या घरची भाजीची देठं, मटाराची टरफलं, काय असेल ते पिशवीभर घेऊन या, टाकून देऊ नका. मंगळवारपर्यंत त्याला जेवढं खाऊ घालता येईल तेवढं घालायचंय. शिकेकाई मी कुटून ठेवलीय, तीळ भाजून ठेवलेत, बाजरी दळून आणलीय. पाणी कढत येईल अशी माझी श्रद्धा आहे. नाही आलं तर त्या दिवशी गॅस पेटवीन आणि आत्याबाईंच्या शिव्या खाईन.

गाठोडं दाराशी आहे. ते गाडीत ठेवायचं की सोडायचं, हे तुम्ही डोक्यावरून आईच्या हातचं पाणी घेतल्यावर मायलेकी मिळून सांगा. त्याआधी मी विचारणार नाही, आणि नंतर जे म्हणाल ते माझ्या हातानं करीन.

उकिरड्याशी वाट बघत असलेली,
राजेश्री